राधानगरीचं झाड आणि माझी कातर

आमच्या अंगणातल्या त्या झाडाला बरीच वर्षं नाव नव्हतं. घरात सगळे त्याला 'राधानगरीचं' म्हणायचे, कारण ते राधानगरीहून आलं होतं. अप्पा तिकडं धरणावर नोकरीला होते आणि माझं लहानपण त्या क्वार्टरच्या दोन खोल्यांत, कपडे कधीच न वाळणाऱ्या हवेत गेलं. बदली होऊन आम्ही कसबा बावड्याला यायला निघालो तेव्हा सगळं सामान ट्रकमध्ये चढलं आणि माझी आई, म्हणजे आमची अव्वा, पुढं ड्रायव्हरशेजारी मांडीवर डालड्याचा डबा घेऊन बसली. डब्यात गोणपाटात गुंडाळलेलं वीतभर रोप. अप्पा म्हणाले, "अगं, तांदळाचं पोतं ऱ्हायलं तिकडं आनि हे झुडूप कशाला घेतलंईस?" अव्वा म्हणाली, "तांदूळ बावड्यात मिळतोय की. हे मिळणार हाय का?" अप्पा मागं सामानावर जाऊन बसले. अव्वाच्या प्रश्नांना त्यांच्याकडं सहसा उत्तर नसायचं आणि त्यांना त्याचं फार वाईटही वाटायचं नाही.

क्वार्टरच्या मागं, जिथं परसदार संपून जंगल सुरू व्हायचं, तिथं ही झुडपं होती. पानं समोरासमोर जोडीनं आलेली, जाड, वरून तकतकीत हिरवी आणि खालून बघितली तर तांबूस गंजाचे ठिपके उडाल्यासारखी. थंडी सरत आली की फांदीच्या शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचा सपाट झुबका यायचा, उघडलेल्या लहानशा छत्रीएवढा. मग त्या जागी चपटी लाल फळं धरायची, ती पुढं काळी पडायची आणि बुलबुल त्यांवर तुटून पडायचे. अव्वा निपाणीकडची, गावातली मुलगी. लग्न होऊन त्या जंगलात आली तेव्हा पहिले सहा महिने ती रडत होती, असं अप्पा सांगायचे. रडणं थांबलं ते ही फुलं बघून, असं ती सांगायची. दोघांचं खरं मानलं तर हिशेब बरोबर जुळतो.

बावड्यात आल्यावर मात्र झाड रुसलं. इकडची जमीन काळी, चिकट, आणि उन्हाळा असा की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. कारखान्याचा भोंगा, उसाच्या ट्रॅक्टरांवर लावलेली कर्कश गाणी आणि हंगामात सगळ्या हवेत मुरलेला तो गोडसर, आंबूस वास यांची आम्हाला महिन्याभरात सवय झाली. झाडाला झाली नाही. पानांच्या कडा करपल्या, नवा शेंडा येईल तो काळा पडून गळायला लागला. अव्वा सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची, ओल्या फडक्यानं पानावरची धूळ पुसायची आणि झाडाशी कन्नडमध्ये बोलायची. तिला वाटायचं आम्हाला कळत नाही. दोन उन्हाळे असे गेले, आणि मग एका रविवारी अप्पा भीमाकाकांना घेऊन आले.

भीमाकाका अप्पांचे शाळेतले दोस्त, कारखान्याच्या वसाहतीत माळी होते आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. ठेंगणे, रुंद, आवाज असा की कुजबुजले तरी शेजारी ऐकू जावं. कमरेला मागच्या बाजूला कायम एक आखूड कोयती खोचलेली असायची. फांदी तोडायची असो, दोरी कापायची असो, आंबा चिरायचा असो, हत्यार एकच. त्यांनी झाडाकडं बघितलं, खाली बसून माती चिमटीत घेतली, चक्क जिभेला लावली आणि थुंकली. "वैनी, पानी घालून घालून मारालाईसा की हेला. डोंगरातलं पोर हाय हे. हेच्या पायाखाली पानी ऱ्हायलं की हे कुजतंय." मग त्यांनी कंबरभर खड्डा काढून काळी माती उपसली. अप्पांनी ओळखीच्या दुधाच्या टेम्पोतून राधानगरीकडची तांबडी माती पोत्यांनी आणली. झाड पश्चिमेच्या उन्हातून काढून शेवग्याच्या सावलीला, पूर्वेकडच्या भिंतीशी लावलं. खाली कुजलेला पालापाचोळा जाड अंथरला. एकदा काका हाडांचं खत घेऊन आले. अव्वानं पिशवी उघडून वास घेतला आणि दोन पावलं मागं सरकली. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नसे. काका पोट धरून हसले. "ऱ्हाऊ दे वैनी, ऱ्हाऊ दे. तुमच्या घरात झाडबी सोवळं." पुढं ते फक्त पाचोळाच आणत राहिले, दर दोन-तीन आठवड्यांनी, डोक्यावर पाटी घेऊन.

त्यांच्या चहाच्या कपाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या कपाशी येऊन थांबतं. भीमाकाका बौद्ध होते. आमच्या अप्पांना त्याचं काही नव्हतं. अव्वाला सुरुवातीला थोडं होतं, असं मला वाटतं, पण झाड जगलं त्या वर्षी ते गेलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला कप अडकवायची लाकडी पट्टी होती, तिच्यावर सहा आकडे. तीन आमचे, दोन पाहुण्यांसाठी आणि सहाव्या आकड्याला निळ्या फुलांचा, कडेला टवका गेलेला कप. तो काकांचा. ते स्वयंपाकघरातच पाटावर बसायचे, अव्वा तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकायची, वर खर्डा, शेंगदाण्याची चटणी, दही. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, केली की पहिली वाटी अप्पांची आणि दुसरी त्यांची. माझी आत्या, जिला आम्ही आत्ती म्हणत असू, ती आली की या कपाकडं बघून नाक मुरडायची. एकदा तिनं विचारलंच, "हेचा कप आपल्याच रांगंत का गं?" अव्वा भाकरी थापतच म्हणाली, "सहावा आकडा रिकामाच हुता." भाकरीचा आवाज जरा मोठा झाला, एवढंच.

पाचव्या वर्षी झाडाला फुलं आली. फार नाहीत, दोनच झुबके, तेही महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात. अव्वानं दोन्ही तोडले. एक शिवरात्रीला महादेवाच्या पिंडीवर वाहिला आणि दुसरा केळीच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिला. "भीमण्णाच्या घरात देऊन ये. त्यांच्या बुद्धापुढं ठेवाय सांग." मी देऊन आले. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मूर्तीपुढं ठेवला आणि ताराकाकीला म्हणाले, "बघ, मेलेलं झाड हाय हे." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मोठ्या माणसाच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पुढच्या वर्षी चार-पाच झुबके आले, तेव्हाही एक महादेवाला आणि एक काकांकडं. अशी ती रीत पडली.

मग मी कॉलेजात गेले, सायन्सला, आणि दीडशहाणी झाले. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. कॉलेजात पहिल्याच दिवशी मी "मॅडम, मी उशिरा आलो" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी शुद्ध बोलायला लागले आणि त्याबरोबर घरातली सगळी माणसं मला जराशी अडाणी दिसायला लागली. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना मी झाडाची फांदी नेऊन दाखवली. त्यांनी पुस्तकं काढली, पानाखालचे ठिपके भिंगातून बघितले आणि म्हणाल्या, "हे व्हायबर्नम. आपल्या सह्याद्रीतलंच आहे. अंगणात कुणी जगवलेलं मी तरी पाहिलं नाही." मी घरी येऊन ते नाव भीमाकाकांना ऐकवलं. त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं, "वायबरनम," आणि म्हणाले, "असू दे. कुनी पुकारल्याबिगर काय त्याचं अडलं न्हवतं." मला राग आला. त्यांनी भारावून जायला हवं होतं, असं मला वाटत होतं.

कॉलेजच्या बागेत गुलाबाचे ताटवे होते. पाऊस संपला की ऑक्टोबरात त्यांची छाटणी व्हायची आणि मॅडमनी ती आम्हाला हाताला धरून शिकवली. फांदीवरच्या बाहेरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, वर बोटभर जागा सोडायची, तिरपा काप घ्यायचा, फांदी फाटू द्यायची नाही, मेलेलं आणि आत वळलेलं सगळं काढायचं. छाटलेल्या गुलाबाला दीड महिन्यात बदाबदा फुलं येतात हे मी डोळ्यांनी बघितलं. माझा हात चांगला आहे असं मॅडम म्हणाल्या, आणि मी अप्पांच्या मागं लागून छाटणीची कातर घेतली, लाल मुठीची. सांगली-तासगावकडं द्राक्षाचीही ऑक्टोबर छाटणी असते हे मला ठाऊक होतं. झालं, माझा सिद्धान्त तयार झाला. ऑक्टोबरात छाटलं की झाड फुलतं. कुठलं झाड, हा प्रश्न मला पडला नाही. आज मी शिक्षिका म्हणून निवृत्तीला आले आहे आणि अर्धवट शिकलेल्या हुशार मुलांची मला अजून धास्ती वाटते, ती उगीच नाही.

त्या वर्षी पावसात झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. भीमाकाका प्रत्येक शेंड्याला हात लावून बघायचे आणि अव्वाला सांगायचे, "वैनी, यंदा बघा तुम्ही. यंदा आख्खं झाड पांढरं हुतंय." अव्वा ते ऐकून लहान मुलीसारखी लाजायची. आता माझ्याजवळ राधानगरीच आली की, असं ती एकदा म्हणाली. मग दसऱ्यानंतर निपाणीहून निरोप आला की आजी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. अव्वा लगोलग गेली आणि घर बघायला आत्ती आली. भीमाकाकांच्या मागं हंगाम सुरू व्हायची गडबड होती, वसाहतीतली बाग नीटनेटकी करायची होती. ते एका सकाळी घाईघाईत येऊन पाचोळ्याची पाटी ओतून गेले, चहालाही थांबले नाहीत. त्याच दुपारी मी कातर घेऊन अंगणात उतरले.

मला अव्वाला थक्क करायचं होतं. खोटं सांगत नाही, हेतू तेवढाच होता. मी एक-एक फांदी धरून बाहेरचा डोळा शोधला, तिरपा काप घेतला, फांदी कुठंही फाटू दिली नाही. शेंड्यांना बारीक, घट्ट, तपकिरी गाठी आल्या होत्या. ते वाळलेले शेंडे आहेत असं समजून मी आधी तेच काढले. त्याच कळ्या होत्या. हे झाड पावसाळ्यानंतर शेंड्याला कळ्या धरतं आणि थंडीभर त्या मिटून घेऊन बसतं, हे मला ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं ते वसाहतीत कुंपण कापत होते. संध्याकाळपर्यंत झाड माझ्या कमरेएवढं राहिलं. आत्ती पायरीवर तांदूळ निवडत होती, ती म्हणाली, "बरं केलंस, लई माजलं हुतं." मी फांद्या गोळा करून बंबात घातल्या. अप्पांना झाडातलं काही कळायचं नाही, ते छाटलेलं बघून जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी त्या झाडाच्या कळ्यांवर तापलेल्या पाण्यानं आम्ही आंघोळी केल्या.

अव्वा तीन आठवड्यांनी आली. रिक्षातून उतरली, पिशवी दारात ठेवली आणि घरात न येता सरळ झाडाकडं गेली. मी मागोमाग. मला वाटलं होतं ती काहीतरी विचारेल आणि मी गुलाबाची गोष्ट सांगेन. तिनं एका कापलेल्या टोकावर अंगठा ठेवला आणि तिचा चेहरा आवळला गेला. "कुनी केलं हे?" आत्ती त्या वेळी देवळात गेली होती. मी म्हणाले, "भीमाकाका आलते." हे खरंच होतं, ते आले होते. एवढंच बोलून थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी पुढं म्हणाले, "त्यांनीच छाटलं." का म्हणाले? कारण झाडाच्या बाबतीत त्यांच्या हाताला कुणी नाव ठेवू शकणार नाही, हे मला माहीत होतं. आणि तसंच झालं. अव्वाचा चेहरा सैल पडला. "भीमण्णानं केलंय म्हंजे बरूबर असंल," म्हणून ती पिशवी घेऊन आत गेली. त्यांच्या चांगल्या नावाच्या आड मी लपले. त्या नावाचं काय होईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी काका पाटी घेऊन आले. मी अंगण झाडत होते. त्यांनी झाड बघितलं आणि पाटी डोक्यावरच राहिली. मग ती खाली ठेवून ते बसले, एक टोक दोन बोटांत धरलं, तिरपा काप बघितला, दुसरं टोक बघितलं, तिसरं. मग माझ्याकडं बघितलं. मी केरसुणी हातात घेऊन तशीच उभी. तेवढ्यात आतून अव्वाचा आवाज आला, "भीमण्णा, लईच बारीक केलासा की हो झाड!" मला वाटलं, आता संपलं. काकांनी माझ्यावरची नजर काढली नाही आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात उत्तर दिलं, "व्हय वैनी. वाढंल की." मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. आज सगळ्यात जास्त लाज मला त्या हलकेपणाची वाटते. माणूस माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी केर भरायला लागले.

थंडीत झाडाला नवी पालवी आली, दाट, तजेलदार, बघत राहावी अशी. अव्वा खूश होती. पौष गेला, माघ आला, शेंड्याला नुसती पानंच. शिवरात्रीच्या आठवड्यात ती रोज सकाळी उठून फांद्या वाकवून बघायची. मी अंगणात जायचंच टाळायची, तोंड धुवायलासुद्धा न्हाणीत जायची. शिवरात्रीच्या दिवशी तिनं पिंडीवर नुसता बेल वाहिला. आत्ती सणाला आलेली होती. छाटणी कुणी केली हे तिनं पायरीवरून स्वतः बघितलं होतं, तरी मला सोडून ती काकांवर घसरली. ती म्हणाली, "ज्याला त्याला अंगणापातूर ठेवावं म्हनत हुतो मी. तुम्ही चुलीपातूर आनलासा. हातच तसला, आनि काय." अप्पा घरात असते तर तिला गप्प बसवलं असतं, पण ते ड्यूटीवर होते. मला वाटलं अव्वा बोलेल. पूर्वी ती बोलली असती. पण त्या दिवशी तिच्या मनात कडू होतं आणि ती पिंडीवरचा बेल नीट करत राहिली. आत्तीनं सहाव्या आकड्यावरचा कप काढला आणि बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला.

दोन दिवसांनी भीमाकाका आले, नेहमीसारखी पाटी घेऊन. स्वयंपाकघराकडं वळणार तेवढ्यात आत्ती दारात आली. "बसा की हितंच, वारा हाय." ते पायरीवर बसले. आत्तीनं चहाचं भांडं बाहेर आणलं आणि कट्ट्यावरच्या कपात वरून ओतलं. "झाला की इसळून ठेव तितंच." काकांनी कपाकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते, त्यांच्यापासून चार हातांवर. आत अव्वा परातीत पीठ मळत होती, बांगड्यांचा आवाज येत होता. तो आवाज एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, 'मी छाटलं.' दोन शब्द. मी पुस्तकाचं पान उलटलं. काकांनी चहा सगळा प्यायला, नळावर कप धुतला, कट्ट्यावर पालथा घातला. पाटीतला पाचोळा झाडाच्या बुडाशी नीट पसरला, तोही हातानं, घाई न करता. मग फाटकाची कडी लावताना म्हणाले, "येतो वैनी." ते परत कधी आले नाहीत.

अप्पा महिनाभर विचारत राहिले, भीमा का येईना. एकदा त्यांच्या घरीही जाऊन आले. काकांनी सांगितलं, काम लई हाय. रस्त्यात दोघं भेटायचे, तंबाखू मळायचे, पण आमच्या फाटकाच्या आत नाही. अप्पा वारले ते काही न कळताच. आत्ती गेल्यावर अव्वानं कप आत आणून पुन्हा आकड्याला अडकवला होता. त्यात कुणी चहा प्यायलं नाही. पुढच्या शिवरात्रीला झाड असं फुललं की फाटकातून जाणारी माणसं थांबून बघायची. भीमाकाका म्हणाले होते तसं, आख्खं पांढरं. अव्वानं एक झुबका महादेवासाठी तोडला आणि सवयीनं दुसराही. तो हातात घेऊन ती जरा वेळ उभी राहिली. मी पुढं झाले नाही आणि तिनंही मला हाक मारली नाही. तो झुबका तांब्यातल्या पाण्यात तीन दिवस राहिला, मग पिवळा पडून झडला.

माझं लग्न आजऱ्याला झालं, नोकरीही तिथल्याच शाळेत लागली. एकदा, माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती, कोल्हापूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसले होते आणि शेजारून आवाज आला, "गिरजा न्हवं तू?" कुजबुजीतही सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा आवाज एकाच माणसाचा. काका वाळले होते, डोळ्याला ऑपरेशनचा हिरवा चष्मा होता, मुलगा तिकडं चौकशी करत होता. त्यांनी मुलीला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला, अप्पांबद्दल हळहळले. मग विचारलं, "झाड फुलतंय का?" मी म्हणाले, "फुलतंय काका, दर वर्षी." ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "पाऊस सरल्यावर त्याला कातर लावायची न्हाई, पोरी. तवाच कळी धरतंय ते. फुलं झडली की मग काय छाटायचं ते छाट." कातर म्हणाले. कोयती नाही. त्यात टोचणं नव्हतं, ओरडा नव्हता. शिकवायचं राहून गेलं होतं, ते शिकवलं. मी "काका," म्हणाले, आणि तेवढ्यात आजऱ्याची गाडी लागली, माणसं धावली, मुलीनं हात ओढला. पुढची गाडी तासाभरात होती. मी ती धरू शकले असते. मी त्याच गाडीत चढले.

काका गेले ते अव्वानं फोनवर सांगितलं, दोन दिवसांनी, इतर बातम्यांच्या मधे. मी त्या शिवरात्रीला बावड्याला गेले. झाड भरून फुललं होतं. अव्वा साठीच्या पुढं गेली होती, गुडघे दुखायचे, तरी सकाळी तिनं स्टुलावर चढून झुबका तोडला होता. एकच. चहा करत होती आणि मी पाटावर बसले होते, काका बसायचे त्याच जागी. मी म्हणाले, "अव्वा, ते झाड त्या वर्षी भीमाकाकांनी न्हवतं छाटलं. मी छाटलं होतं." इतक्या वर्षांनी ते वाक्य बाहेर आलं आणि किती लहान होतं.

अव्वानं गॅस बारीक केला. "ठावं हाय," ती म्हणाली.

ती माझ्याकडं न बघता बोलत राहिली. "त्या शिवरात्रीनंतर आत्ती गेल्यावर मांडणीची फळी पुसाय घेतली. मागं तुझी कातर हुती, चिकानं माखलेली. मग जाऊन टोकं बघितली. भीमण्णाच्या हातात कवा कातर बघितलीस का तू? त्यो कोयती मारायचा. फांदी जराशी फाटायचीच त्याची."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हनून वाट बघत हुतो. आज बोलंल, उद्या बोलंल. त्याच्या दारात जायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. लेकीचं नाव कसं घ्यायचं? त्येनं घेतलं न्हाई, मग मी कसं घ्यायचं?" तिनं दोन कपांत चहा गाळला. थोडा ओट्यावर सांडला. "मग दिस गेलं तसं माझीच मला लाज वाटाय लागली. दोन गल्ल्या हुत्या गं मधी. रोज मंडईला त्याच्या दारावरनं जायचो मी. त्यो हाक मारायचा, वैनी बरं हाय का. मी म्हनायचो, बरं हाय."

मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. सांडलेला चहा पुसत म्हणाली, "तू एकदाच खोटं बोललीस. मी रोज बोललो."

मग तिनं सहाव्या आकड्यावरचा निळ्या फुलांचा कप काढला, राखेनं घासून नळाखाली स्वच्छ धुतला, पदरानं आतून-बाहेरून पुसला आणि ओट्यावर माझ्या-तिच्या कपांच्या मधे ठेवला. भांड्यात अजून कपभर चहा होता. आम्ही दोघी त्या कपाकडं बघत बसलो. थोड्या वेळानं तिनं तो उचलला आणि कोरडाच परत आकड्याला अडकवला.